बूच, स्क्रू आणि बेल्लमपल्लीची एक संध्याकाळ

बाटली उघडता न येणे ही काही जगबुडीची गोष्ट नव्हे. पण पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाने स्वतःच आणलेली बाटली यजमानाच्या घरी उघडता येऊ नये, यात जी फजिती असते ती अनुभवल्याशिवाय कळत नाही. माझी ही फजिती झाली बेल्लमपल्लीत. डिसेंबर २००७ मध्ये.

बेल्लमपल्ली कुठे आहे, असे माझ्या गोव्यातल्या वाचकांना विचारायचा अधिकार आहे. सिकंदराबादहून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीत बसायचे. काझीपेट, पेद्दपल्ली, रामगुंडम अशी स्थानके मागे पडतात, मग गोदावरीचा लांबलचक पूल येतो, मंचिर्याल येते आणि त्याच्या पुढे हे गाव. तेव्हा ते आंध्र प्रदेशच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१४ साली तेलंगण झाले, २०१६ साली जिल्हे फुटले आणि आता ते मंचिर्याल जिल्ह्यात आहे. तेलुगूत बेल्लम म्हणजे गूळ आणि पल्ली म्हणजे गाव. नाव गोड, पण गावाची ओळख काळी. सिंगरेणीच्या दगडी कोळशाच्या पट्ट्यातले हे गाव. अंगणात वाळत घातलेल्या पांढऱ्या लुगड्याला इथे पांढरे राहणे जमत नाही.

माझा मित्र तिथल्या खाणीत इंजिनिअर. वडील खाणीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. घराणे मूळचे राजुऱ्याकडचे. राजुरा आज चंद्रपूर जिल्ह्यात असला तरी १९५६ पर्यंत तो आदिलाबाद जिल्ह्यातच होता. त्यामुळे या मंडळींना आपण परप्रांतात आलो असे कधी वाटलेच नाही, सीमाच त्यांच्या अंगावरून सरकली. घरात वऱ्हाडी वळणाची मराठी, दारात तेलुगू, कामावर हिंदी.

तर मी नेली होती पोर्तुगालातली तांबडी वाइन. एका नातलगाने लिस्बनहून आणलेली. "गोयंकार येतलो आनी रित्या हातान येतलो?" हा आमचा जुना अभिमान! जेवणाआधी मित्राने दोन पेले पुसून ठेवले, मी बाटली हातात घेतली आणि माझ्या लक्षात आले की हिला बूच आहे. खोल, घट्ट, काचेच्या काठाशी सपाट बसलेले. आणि साऱ्या कॉलनीत कॉर्कस्क्रू नाही. मित्र शेजारच्या चार घरी जाऊन आला. एका घरून बिअरचा ओपनर मिळाला, एका घरून चिमटा, एका घरून सल्ला. सल्ला असा, की बूच आत ढकलून द्या.

तेव्हा काका उठले. बाटली त्यांनी दिव्यासमोर धरली, बुचावर नख मारून पाहिले आणि आतून पत्र्याची हत्यारपेटी आणली.

पुढच्या पाऊण तासात त्या निवृत्त फिटरने माझ्या डोळ्यांसमोर कॉर्कस्क्रूचा दोनशे वर्षांचा इतिहास करून दाखवला. हे मला तेव्हा कळले नाही. नंतर घरी येऊन वाचत बसलो तेव्हा कळले. म्हणून आज लिहितो.

पहिला प्रयत्न साधा. लाकडात मारायचा स्क्रू पिळून बुचात घातला, पकडीने डोके धरले, बाटली गुडघ्यांत दाबली आणि ओढले. बुचाचा वरचा तुकडा भुगा होऊन हातात आला. माणसाने पहिल्यांदा हेच केले असणार. बंदुकीच्या नळीत अडकलेली गोळी किंवा चिंधी काढायला सैनिकांकडे पिळाचा तारेचा आकडा असे. त्याचाच धाकटा भाऊ बाटलीच्या तोंडात गेला असे मानतात. १६८१ साली नेहेमिया ग्रू या इंग्रज शास्त्रज्ञाने बाटलीतून बुचे काढायच्या पोलादी पिळाचा उल्लेख करून ठेवला आहे. म्हणजे तेव्हा ही वस्तू लोकांच्या ओळखीची होती.

पण त्याआधी लोक काय करत? त्याआधी प्रश्नच नव्हता. बूच निमुळते असे, अर्धे बाहेर राही, हाताने उपटता येई. बूच आत गेले, कारण बाटली मजबूत झाली. आणि बाटली मजबूत झाली, कारण... वाचकहो, इथे मला बेल्लमपल्लीची आठवण होऊन हसू आले. बाटली मजबूत झाली ती दगडी कोळशामुळे! इंग्लंडात जहाजांसाठी लाकूड कमी पडू लागले, तेव्हा १६१५ साली राजा पहिला जेम्स याने काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी घातली. भट्टीवाले कोळशाकडे वळले. कोळशाची आच जास्त, काच जाड आणि गडद होऊ लागली. १६३०च्या दशकात केनेल्म डिग्बी या गृहस्थाच्या कारखान्यात अशा दणकट बाटल्या होऊ लागल्या. अशा बाटलीत बूच ठोकून बसवले तरी मान फुटत नाही. पुढे अठराव्या शतकात बाटली उभट, सरळ अंगाची झाली. ती आडवी ठेवता येऊ लागली, आडव्या बाटलीत बूच ओले राहते, ओले बूच फुगून घट्ट बसते आणि वाइन वर्षानुवर्षे टिकते. एवढे सगळे झाल्यावर माणसाच्या लक्षात आले की आता ते बूच बाहेर काढायला बोटे पुरत नाहीत.

म्हणजे ज्या बाटलीने मला कोळशाच्या गावात खाली पाहायला लावले, ती स्वतः कोळशाचीच लेक होती.

काकांचा दुसरा प्रयत्न. त्यांनी लांब स्क्रू शोधला. त्यात वायसर ओवले आणि स्क्रू इतका पिळला की वायसर बुचाच्या माथ्यावर घट्ट टेकले. "आता पाह्य," म्हणाले. आणखी पिळल्यावर स्क्रू आत जाईना. अख्खे बूच जाग्यावर फिरले, काचेशी जडलेला त्याचा सांधा सुटला. मी हे पाहून "वा!" म्हटले. इंग्लंडात सॅम्युअल हेनशॉल नावाच्या एका पाद्र्याला १७९५ साली कॉर्कस्क्रूचे पहिले पेटंट मिळाले, ते नेमके या युक्तीसाठी. पिळाच्या वरच्या टोकाला त्याने एक वाटोळी चकती बसवली होती. चकती बुचाला टेकली की बूचच फिरते आणि सुटते. पाद्र्याला हे का सुचले असेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा!

तिसरा प्रयत्न. बूच सुटले होते, पण वर येत नव्हते. काकांनी बाटलीच्या ओठावर लाकडाची चपटी चिपळी ठेवली, तिच्यावर हातोडीचा चिरलेला पंजा टेकवला, पंजात स्क्रूचे डोके अडकवले आणि हातोडीचा दांडा हळू खाली दाबला. बूच वर आले. "फट्" असा नम्र आवाज झाला.

हेच काम १८८२ साली जर्मनीतल्या कार्ल विंके याने घडीच्या हत्यारात बसवले. खिशात मावणारा चाकूसारखा दांडा, त्यात दुमडलेला पिळ आणि बाटलीच्या ओठाला टेकवायचा एक टेकू. आजही हॉटेलातले वेटर हेच वापरतात. त्याला म्हणतातच वेटरचा मित्र. शाळेत शिकलेली तरफ, दुसरे काही नाही.

याशिवाय किती प्रकार! दोन पंख वर करून उभे राहणारे पाखरू तुम्ही पाहिले असेल. पिळ आत जाताना पंख वर जातात, ते दाबले की बूच वर येते. अमेरिकेत डॉमिनिक रोसाटीने १९३० साली त्याचे पेटंट घेतले. दोन पातळ पात्यांचा चिमटा असतो, तो बुचाला भोक पाडत नाही, काच आणि बूच यांच्या फटीत शिरून ओढून काढतो. जुन्या, कुजक्या बुचांसाठी तो बरा. १९७९ साली ह्यूस्टनच्या हर्बर्ट ॲलनने असा स्क्रू बाजारात आणला की एकाच दिशेने फिरवत राहायचे, बूच आपोआप पिळावर चढत येते. हा ॲलन तेलविहिरींची यंत्रे करणारा इंजिनिअर होता! अलीकडचे कोराविन तर बूच काढतच नाही. बारीक सुई बुचातून आत जाते, आर्गॉन वायू सोडते आणि पेलाभर वाइन बाहेर आणते. बाटली बंद ती बंदच.

आणि आमच्या माजी राज्यकर्त्यांची तऱ्हा तर सगळ्यांवर कडी. पोर्तुगीज भाषेत कॉर्कस्क्रूला साका-रोल्याश म्हणतात, म्हणजे बुचे उपसणारा. पण फार जुन्या पोर्ट वाइनच्या बुचाला तो लावला तर नुसता भुगा होतो. म्हणून दोरू नदीच्या खोऱ्यात चिमटा विस्तवात लालबुंद करतात, बाटलीची मान त्यात धरतात आणि लगेच तिच्यावर थंड पाण्याचे फडके लावतात. मान बुचासकट स्वच्छ तुटून येते. बुचाला हातच लावायचा नाही. बूचही त्यांच्याच घरचे. जगातले निम्मे बूच पोर्तुगालात निघते. झाड पंचवीस वर्षांचे झाल्यावर पहिली साल सोलायची, मग दर नऊ वर्षांनी, आणि बाटलीच्या लायक साल मिळते ती तिसऱ्या सोलणीला. म्हणजे लावणाऱ्याच्या नातवाला.

हे वाचताना आपल्याकडचे बुचाचे झाड आठवले. पांढऱ्या, लांब देठांच्या सुवासिक फुलांचे. कुणी त्याला आकाशमोगरा म्हणतात. याची साल बुचासारखी मऊ, भेगाळ असते आणि खऱ्या बुचाच्या जागी हलके बूच म्हणून ती वापरली जाई. नाव तिथून पडले. बेल्लमपल्लीत काकांच्या कॉलनीच्या रस्त्यावरही ती झाडे होती आणि सकाळी फुलांचा सडा पडे.

असो. बाटली उघडली. दोन पेले भरले. काका घेत नाहीत, त्यांनी आपल्यासाठी कोपऱ्यावरच्या गाड्यावरून गोली सोडा मागवला. गोटीची बाटली! ती उघडायलाही हत्यार लागतेच. लाकडाची छोटी टोपी, तिच्या मध्ये खुंटी. टोपी तोंडावर ठेवून वरून तळव्याचा दणका दिला की गोटी आत पडते आणि सोडा शीळ घालतो. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ साली ही बाटली सिद्ध केली. वायूचा दाब गोटीला मानेतल्या रबराच्या कड्यावर दाबून धरतो, म्हणजे आतला माल स्वतःच स्वतःचे दार लावून घेतो. बूच नको, लाख नको. पुढे १८९२ साली बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने दातेरी पत्र्याचे बिल्ले काढले आणि जगभर कॉडची बाटली मागे पडली. तेलंगणात मात्र ती टिकून आहे.

आता खरे सांगायचे ते.

एवढा वेळ काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून पाहत होत्या. बूच निघाले तेव्हा मी विजयी मुद्रेने म्हणालो, "काकू, किती त्रास दिला हो या बाटलीने!" त्या म्हणाल्या, "तरास देल्ला तेच बरं हाय. उघडाले एवढा येळ लागते, म्हंजे तेवढा येळ माणूस शुद्धीवर हाय. आमच्या वक्ती सारा पुडीत ये. दातानं फाडली का झालं."

सारा म्हणजे तिकडची गावठी दारू. ऐंशीच्या दशकात आंध्रात ती प्लॅस्टिकच्या पुड्यांतून मिळू लागली होती. बाटली नको, पेला नको, बसायला जागा नको. काकूंनी सांगितले ते असे. पगाराच्या दिवशी पाळी सुटली की वाटेत दुकान. पुडी फाडायला दोन दात. पुडी रिकामी व्हायला तीन घोट. माणूस घराच्या दारात पोचेपर्यंत पाकीटही रिकामे. नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावच्या बायकांनी १९९२ साली दुकान बंद पाडले आणि ती आग राज्यभर गेली. १ ऑक्टोबर १९९३ ला साऱ्यावर बंदी आली, जानेवारी १९९५ पासून सगळीच दारू बंद झाली आणि १९९७ मध्ये ती बंदी उठलीही. "बंदी आली तवा आमी बायका नाचलो होतो," काकू म्हणाल्या. "उठली तवा कोनी इचारलं नाई आमाले."

मग त्यांनी सहज विचारले, "तुमच्या गोव्यात बायका काय म्हंतेत?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणजे एक ठरलेले उत्तर होते, जे आम्ही गोंयकार पन्नास वर्षे पाहुण्यांना देत आलो. आमच्याकडे पिण्याची संस्कृती आहे हो, आम्ही पितो पण झिंगत नाही, संध्याकाळी बल्कांवात बसून एक पेग, मग जेवण, मग झोप. ते उत्तर मी त्या दारात उभ्या असलेल्या बाईला देऊ शकलो नाही. कारण माझ्या वाड्यावरच्या तीन घरांची नावे मला तोंडपाठ आहेत, जिथल्या बायका हे उत्तर ऐकून काय म्हणाल्या असत्या ते मला ठाऊक आहे.

तेव्हापासून 'पिण्याची संस्कृती' या शब्दांकडे मी जरा संशयाने पाहतो. आपण संस्कृती म्हणतो ती बहुतेक वेळा हत्यारांची असते. ज्याच्याकडे साका-रोल्याश आहे, स्फटिकाचा पेला आहे, बूच हुंगायला फुरसत आहे, तो पितो ती संस्कृती. जो दाताने पुडी फाडतो, तो पितो ते व्यसन. फ्रान्समध्ये मेनेर्ब गावी निव्वळ कॉर्कस्क्रूंचे संग्रहालय आहे. हजाराहून जास्त नग. हस्तिदंती, चांदीचे, विनोदी, चावट. मला ते पाहायला आवडेल. पण पुडी फाडणाऱ्या दातांचे संग्रहालय कोण काढणार?

आणि त्याआधीचे हत्यार? दारू उघडण्याच्या आधी ती कुणीतरी झाडावरून उतरवावी लागते. आमचा रेंदेर कमरेला काती लावून माडावर चढे, पोय छेदून सूर दामोण्यात धरी आणि दुदिन्यातून खाली आणी. बेल्लमपल्लीच्या आसपास हेच काम गौड करतात. ताडावर चढायचा त्यांचा दोर म्हणजे मोकु, मडके ती लोट्टी, आणि प्यायला ताडाच्याच पानाचा द्रोण. त्या दोरावर माणसाचा जीव असतो. झाडावरून पडून मेलेल्या गौडांची गाऱ्हाणी वर्षानुवर्षे ऐकू आल्यावर २०२४ साली तेलंगण सरकारने त्यांच्यासाठी 'काटमय्या रक्षा कवचम' नावाचे सुरक्षासंच द्यायला सुरुवात केली. कॉर्कस्क्रूला पहिले पेटंट मिळून तेव्हा दोनशे एकोणतीस वर्षे झाली होती. बूच सुखरूप बाहेर यावे म्हणून माणसाने एवढी अक्कल लढवली. माणूस सुखरूप खाली यावा म्हणून लढवायला एवढा वेळ लागला.

मी बुचाच्या बाजूने भांडतो आहे असे कुणी समजू नये. १९८१ साली स्वित्झर्लंडमध्ये शोध लागला की बुचातला एक रासायनिक पदार्थच वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास आणतो. त्यानंतर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडवाल्यांनी सरळ फिरकीची झाकणे लावली आणि वाइनचे काही बिघडले नाही. आपल्या नाशिकच्या वाइनही पुष्कळशा फिरकीच्या झाकणातच येतात. ते शहाणपणाचे आहे. झाकण फिरवणारा माणूस अडाणी आणि बूच उपटणारा रसिक, हा चावटपणा आता पुरे.

पण काकूंचे म्हणणे झाकणाबद्दल नव्हतेच. त्या वेळाबद्दल बोलत होत्या. हात आणि घोट यांच्यामध्ये काहीतरी असावे. एखादे हत्यार, एखादा शेजारी, एखादे ताट, एखादा प्रश्न. जिथे ते असते तिथे माणूस पितो. जिथे ते नसते तिथे दारू माणसाला पिते, मग ती लिस्बनची असो की पुडीतली. आमच्या गोव्यात ते होते, असे मी अजूनही मानतो. तावेर्नवाल्याला गिऱ्हाईकाची बायको ठाऊक असे आणि तो तिसऱ्या पेल्याला "पुरो रे" म्हणे. तो तावेर्नवाला गेला. आता किनाऱ्यावर फुटलेल्या बाटल्यांनी पाय कापू लागले तेव्हा २०१९ साली उघड्यावर पिणाऱ्यांना दोन हजार रुपये दंडाचा कायदा करावा लागला. कांदोळीला २०२१ साली फेणीचे संग्रहालय निघाले, जुने गर्राफांव काचेमागे गेले. छान आहे, मुलांना जरूर दाखवा. पण जी गोष्ट संग्रहालयात जाते ती घरातून गेलेली असते, हेही त्यांना सांगा.

त्या रात्री आम्ही एकेक पेला घेतला. उरलेल्या बाटलीला काकांनी तेच बूच उलटे करून लावले. निघताना त्यांनी तो स्क्रू वायसरसकट माझ्या हातात ठेवला. "गोव्यात कामी पडन," म्हणाले.

तो अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. घरी आता वेटरचा मित्रही आहे आणि पंखांचे पाखरूही. पण कुणी 'आमची पिण्याची संस्कृती' म्हणू लागले की मी खण उघडून तो गंजका स्क्रू टेबलावर ठेवतो, आणि काकूंचा प्रश्न विचारतो. उत्तर अजून कुणी दिलेले नाही.